तिसरी चौकट

रविवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी ताई टेबलाशी बसली आणि मी लिहिलेलं साहस वाचायला लागली. दुपारी साडेतीनला ती खुर्चीवरून पडली. बुधवारी ती गेली.

यातल्या पहिल्या दोन वेळा माझ्या वहीत आहेत. तिसरी रुग्णालयाच्या कागदावर आहे. अकरा पाच आणि साडेतीन यांच्या मधल्या वेळाही माझ्या वहीत आहेत, आणि हे लिहितो आहे ते त्यांच्यासाठी.

आमचा खेळ कोणता होता ते आधी सांगायला हवं. तीनचार माणसं टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही तळ्याच्या काठावर उभे आहात, समोर पाणी आहे, होडी एकच आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, कोणी शिकारी, कोणी वैद्य. ते सांगतात की आम्ही काय करतो. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट नसतो, सोंगट्या नसतात, हारजीतही फारशी नसते. पण जिथे हे सगळं घडतं तो मुलूख कोणीतरी आधी रचून ठेवावा लागतो. कोणत्या गावाला कोणता रस्ता जातो, कोणत्या तळ्यावर कोण राहतं, त्याला काय हवंय, तो काय लपवतो. हे सगळं ज्यात लिहिलेलं असतं ते मुलुखाचं पुस्तक, आणि त्या मुलुखातला खेळायला तयार केलेला एकेक प्रसंग म्हणजे साहस. मी ती लिहायचो. दिवसा नवा रायपूरच्या एका कार्यालयात फायलींवर टिपणं लिहायची आणि सुट्टीच्या दिवशी ही. मला दुसरं काही येत नाही.

मुलूख इथलाच होता, फक्त नावं बदललेली. रायपुरात जितकी तळी आहेत आणि जितकी बुजवली गेली, तितकी सगळी आमच्या नकाशात भरलेली होती. उत्तरेला एक डोंगर होता, त्यातून काळी धूळ उडायची आणि लोक कपडे घरात वाळवायचे. तो म्हणजे उरला, इथली कारखान्यांची वसाहत. दक्षिणेला धानाचा बाजार होता, तो अभनपूर. नकाशा ताईनं काढला होता. ती रेल्वेच्या ऑफिसात होती, बाबांच्या मागून तीही रेल्वेतच. बाबा अकोल्याकडून नोकरीसाठी इकडे आले आणि रायपुरातल्या गुढियारीत घर बांधून राहिले. भाऊजी गेल्यावर ताई मुलीला घेऊन त्याच घरात आली. त्या दोघी खाली, मी वर. माझं लग्न झालं नाही. असं बरीच वर्षं चाललं आणि मला वाटायचं की असंच चालणार.

साहसाच्या पुस्तकात काही मजकूर चौकटीत छापतात. तेवढा सूत्रधारानं मोठ्यानं वाचायचा. बाकीचं त्याच्या एकट्यासाठी. छापायला देण्याआधी साहसाची चाचणी घ्यावी लागते. लिहिणारा स्वतः सूत्रधार झाला तर जे कागदावर उतरलेलं नाही ते तो तोंडानं भरून काढतो आणि चूक कळत नाही. म्हणून कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचे, आपण कोपऱ्यात वही घेऊन बसायचं आणि काही म्हणजे काही बोलायचं नाही. सूत्रधार अडला, चुकला, माझ्याकडे पाहायला लागला, तरी नाही. पुस्तक घेणाऱ्याच्या घरी मी थोडाच जाणार आहे. कुठे अडलं, किती वाजता अडलं, ते लिहायचं आणि नंतर मजकूर सोपा करायचा. नियम माझा होता. नाव ताईनं दिलं होतं, मुकी चाचणी.

पहिल्यांदा ती सूत्रधार झाली तेव्हा मला राहवलं नव्हतं. तिनं एका गावाचं नाव चुकीचं वाचलं आणि मी तोंड उघडलं. ती कागद खाली ठेवून म्हणाली, “काहून बे, तूच बोलून राहिला? मग मले कशाले बसवलं?”

“चुकून निघालं.”

“चुकून नाही न बिकून नाही. आज भांडे तुझ्याकडे. आन् पुढच्या येळी बोलला तर आठवडाभर.”

भांडी मी घासली. त्यानंतर एकाही चाचणीत बोललो नाही. ताई अडली की माझ्याकडे मुद्दाम बघायची, भुवया उडवायची, डोळे मोठे करायची, मी बोलावं म्हणून. मी खाली वहीत बघायचो. तो आमच्यातला खेळाच्या आतला खेळ होता.

त्या रविवारच्या साहसात एक नावाडी होता. तळ्यापलीकडच्या गावाचा रस्ता फक्त त्याला माहीत असतो. पण प्रत्येक फेरीमागे पाणी त्याच्याकडून एक शब्द घेतं. आधी साधे शब्द जातात, वल्हं, दोरी. मग माणसांची नावं. गावाचं नाव त्याच्या तोंडून जाण्याआधी पात्रांनी ते काढून घ्यायचं, हे साहस. ते मला कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीत सुचलं, मी कागदावर उतरवलं आणि स्वतःवरच खूश झालो. चौकटींत त्याची वाक्यं लिहिली. चौथ्या चौकटीपासून ती तुटायला लागतात. बाजूला सूत्रधारासाठी सूचना होती: इथून पुढे नावाड्यानं अडखळत बोलावं, शब्द शोधावा, सापडला नाही तर हातानं दाखवावं.

ही सूचना माझ्या अक्षरात आहे.

खेळायला दोघं होती. ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, ती एका शाळेत शिकवते. आणि शेजारचे भैया, उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सांभाळतात. भाची वैद्य झाली होती आणि भैया नेहमीप्रमाणे शिकारी. भाचीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. सकाळी ताईनं चिले केले, म्हणजे तांदळाच्या पिठाची धिरडी. मिठाचा चमचा दोनदा पडला होता.

“मम्मी, समुंदर का पानी डाला है क्या?”

“खा मुकाट्यानं. नावाड्याच्या घरचं हाय.”

भैयांनी तीन खाल्ले, वर पाणी प्यायले. त्या मिठाचा मी नंतर खूप विचार केला.

अकरा पाचला सुरुवात झाली. मी खिडकीजवळच्या स्टुलावर होतो. वहीतलं जसंच्या तसं उतरवतो.

‘११.०५. प्रस्तावना. वेग ठीक. तळ्याचं वर्णन लांब, एक वाक्य काढावं.’

‘११.५०. तिसरी चौकट. डोंगा हा शब्द आला नाही. “वो... वो लकड़ी का” म्हणाली. शब्द ठळक छापावा?’

डोंगा म्हणजे इथली लाकूड कोरून केलेली होडी. शब्द तिच्या समोर कागदावर छापलेला होता. मला वाटलं, छपाई पुसट आहे.

साडेबारापर्यंत नावाडी चांगला रंगला होता. ताई त्याच्या आवाजात बोलत होती, खालच्या पट्टीत, मधूनच छत्तीसगढी. “हव, उतार दूँगा, पार उतार दूँगा, फेर...” आणि थांबायची. भैया टेबलावर थाप मारून म्हणाले, “दीदी, आप रेलवे में क्या कर रही हो? नाटक मंडली खोलो, मैं टिकट काटूँगा.” भाची हसत होती. ताईही हसली, पण तोंडाच्या एका बाजूनं. हे मला तेव्हा दिसलं नाही. हे मला आता दिसतं, आणि खरंच तसं झालं होतं की मी नंतर भरलं हे मला सांगता येत नाही.

‘१२.४०. माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.’

एवढंच आहे. भुवया उडवल्या नव्हत्या. डोळे मोठे केले नव्हते. तिनं नुसतं पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. मी वहीत मान घातली आणि वेळ लिहिली.

‘१.१०. चहा सांडला. एका पानावर डाग, बाकीचे कागद वाचले.’

‘२.०५. फासा डाव्या हातानं टाकते आहे. नावाडी डावखुरा? छान. सूचनेत घालावं.’

‘३.००. वाक्यं आता लागत नाहीत. परिणाम चांगला, पण प्रसंग लांबतो. हसणं कमी झालं.’

तीन वाजता भाचीनं विचारलं होतं, “मम्मी, थक गई क्या? खाना खा लें?” ताईनं हात हलवला. आम्ही तो नावाड्याचा हात समजलो. साडेतीनला ती खुर्चीत तिरकी व्हायला लागली. भैया हसत उठले आणि म्हणाले, “रुको, शिकारी पकड़ता है. पासा फेंकूँ?”

फासा त्यांच्या हातात होता. ती पडली तेव्हाही त्यांच्या हातातच होता.

भैयांच्या गाडीतून नेलं. रुग्णालयात पोहोचायला सव्वाचार झाले. ताईला स्ट्रेचरवरून आत नेलं, भाची तिच्यासोबत धावली. मी दारात राहिलो. एक डॉक्टर बाई आली, वयानं भाचीएवढीच असेल. हातात कागद.

“अंकल, ये बताइए, आखिरी बार बिल्कुल ठीक कब थीं? ठीक-ठीक टाइम चाहिए.”

वही माझ्या खिशात होती. स्टुलावरून उठताना मी ती खिशात घातली होती, एरवी चाचणी संपल्यावर घालतो तशी. मी ती काढली आणि तिला वाचून दाखवायला लागलो. अकरा पाच, ठीक. अकरा पन्नास, शब्द आला नाही. बारा चाळीस. एक दहा. दोन पाच, डावा हात. वाचता वाचता मला कळलं की मी काय वाचतो आहे. तरी थांबलो नाही. तिनं लिहिणं थांबवलं होतं.

“आपने ये सब लिखकर रखा है?”

“जी.”

“किसलिए?”

मुकी चाचणी काय असते हे त्या दारात उभं राहून कसं सांगणार.

“मतलब ग्यारह पचास से शुरू हुआ. पक्का?”

“पक्का,” मी म्हणालो. माझ्या वहीत होतं. चौथ्या चौकटीआधी नावाडी अडखळत नाही, हे मला माहीत होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. तिसऱ्या चौकटीत अडखळली ती ताई.

डोक्याचा फोटो होईपर्यंत पावणेपाच झाले. मग तिनं बाहेर येऊन सांगितलं की रक्ताची गाठ मेंदूत अडकली आहे. ती विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर दिलं तर नुकसान होऊ शकतं. अकरा पन्नासपासून मोजलं तर वेळ निघून गेली होती. “बस थोड़ा-सा,” ती म्हणाली. बाकीचे उपाय केले. सोमवारी ताई झोपून होती. मंगळवारीही. बुधवारी पहाटे भाचीनं मला हाक मारली नाही, नुसती येऊन उभी राहिली.

तेरा दिवस झाले. अकोल्याहून नातेवाईक आले, गेले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, अचानक कसं झालं? मी म्हणायचो, अचानक झालं. भाची ऐकत असायची. तिनं मला काही विचारलं नाही. वहीबद्दल तिला माहीत नव्हतं. मी चाचणीत लिहितो हे माहीत होतं, काय लिहिलं ते नव्हतं. मी ती वही पुस्तकांच्या मागे ठेवली आणि रोज काढून वाचायला लागलो.

मला एकच गोष्ट हवी होती. अकरा पन्नासला खरंच सुरू झालं होतं याचा पुरावा. तसा असेल तर मी डॉक्टरला खरं सांगितलं. तरीही चार तास गप्प बसलो ते उरतंच, पण निदान त्या दारात खोटं सांगितलं नाही. एवढंच मागत होतो. माणूस किती कमी मागायला शिकतो. मी कागद समोर ठेवून चौकटी मोठ्यानं वाचायचो, हातात घड्याळ, कोणत्या वाक्याला किती वेळ लागतो ते पाहायचो. मिठाचे दोन चमचे मला मदतीला आल्यासारखे वाटायचे. म्हणजे दहा वाजताच सुरू झालं असेल. मग लक्षात यायचं की ताई चिल्यात मीठ याआधीही दोनदा टाकायची, गप्पांच्या नादात, आणि दर वेळी भाची तेच समुद्राचं बोलायची. कार्यालयात फायलीवर टिपण लिहिताना वेळ लिहायचो, आणि साहेबांनी एकदा विचारलं की टिपणाला वेळ कशाला.

एका शनिवारी मी उरल्याला गेलो. भैयांची शिफ्ट सुटायची वेळ होती. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. ट्रकमागून ट्रक जात होते, बाकावर काळी धूळ बसलेली. भैया आले, मला पाहून दचकले, मग त्यांनीच दोन चहा सांगितले.

“भैया, आपको कब लगा कि कुछ गड़बड़ है?” मी विचारलं.

त्यांनी चहा फुंकला. “सच बोलूँ? गिरने तक नहीं लगा. मुझे तो सब एक्टिंग लगा, भैया.”

“शुरू में भी? जब डोंगा नहीं बोल पाईं?”

“वो तो एकदम शुरू में था न? वो तो मस्त था. बिटिया को देख के आँख मारी थी दीदी ने.”

“आँख मारी थी?”

“हव. मारी थी. आपने नहीं देखा?”

मी पाहिलं नव्हतं. मी शब्द ठळक छापावा की काय ते लिहीत होतो. भैयांनी ग्लास रिकामा केला, मग म्हणाले, “वो पासा मैंने तालाब में डाल दिया. घर में रखा नहीं जाता था.”

परतताना मी स्वतःला समजावत होतो की भैयांना नीट आठवत नसेल. त्यांनी नंतरचं एखादं डोळा मारणं आधी आणून ठेवलं असेल. मीही वस्तू इकडच्या तिकडे करतच होतो.

ताईची प्रत तेव्हा कुठे होती हे मला माहीत नव्हतं. चाचणीला दोन प्रती असतात, एक सूत्रधाराकडे, ती आदल्या दिवशीच द्यायची, आणि एक लिहिणाऱ्याकडे. माझ्याकडे माझी होती. त्या गडबडीत टेबलावरचं सगळं कोणी आवरलं, कोणाला आठवत नव्हतं. खरं तर मी तिची प्रत शोधतच नव्हतो. दोन्ही प्रतींत तेच छापलेलं आहे असं मी धरून चाललो होतो. कागदावर जे आहे तेच टेबलावर होतं, असं मानायची मला इतक्या वर्षांची सवय.

दोन महिन्यांनी मी नकाशा काढायला गेलो. ज्या छोट्या प्रकाशकाला मुलुखाचं पुस्तक द्यायचं ठरलं होतं त्याला नाही म्हणून कळवायचं होतं, आणि मूळ नकाशा भाचीला द्यावा असं मनात होतं. तो गुंडाळून एका नळीत ठेवलेला असायचा. नकाशा ओढला तर आतून कागदांची गुंडाळी आली. कोणीतरी त्या दिवशी टेबलावरचे कागद उचलून त्यात खुपसले होते. पहिल्या पानावर चहाचा डाग.

मी पानं सरळ केली. पहिल्या पानापासून पेन्सिलीच्या खुणा होत्या. कुठे थांबायचं, कुठे आवाज बदलायचा. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘हे लांबलं, अर्धं गाळ.’ तेच वाक्य मीही वहीत लांब म्हणून लिहिलं होतं. तिसऱ्या चौकटीत डोंगा या शब्दाखाली दोन रेघा होत्या. समासात तिच्या बारीक अक्षरात:

‘इथूनच सुरू. पहिला शब्द हा. त्यानं एकदम आणलं, हळूहळू यायला पाहिजे.’

मी जमिनीवर बसलो. दुपार होती, खाली कोणी नव्हतं.

तिचं बरोबर होतं. नावाडी चौथ्या चौकटीत एकदम अडखळायला लागतो हा त्या साहसातला दोष होता, आणि तो काढायलाच मी चाचणी ठेवली होती. तिनं वाचून आदल्या दिवशीच ओळखला आणि स्वतः दुरुस्त करून टेबलाशी बसली. कागदावर जे नाही ते सूत्रधार करतो, प्रत्येक सूत्रधार करतो. मला हे माहीत असायला हवं होतं. अकरा पन्नासला ताई अगदी ठीक होती. इतकी ठीक की तिनं मुलीला डोळा मारला.

पुढच्या पानांवर खुणा होत्या, शेवटपर्यंत. आधीच करून ठेवलेल्या. पण नावाड्यानं वर पाहावं, कोणाकडे पाहावं, असं कुठेही नव्हतं. ते बारा चाळीसचं पाहणं तिच्या प्रतीत नव्हतं.

म्हणजे बारा चाळीस. बारा चाळीसला साडेचार तास मिळवले की पाच दहा होतात. फोटो पावणेपाचला झाला होता. मी ही बेरीज बोटांवर केली, मग कागदावर केली, मग घड्याळ काढून काटे फिरवून पाहिली. दर वेळी पाच दहाच आले. मी पक्का म्हणालो होतो.

मी रुग्णालयात गेलो. ती डॉक्टर बाई आधी ओळखेना, मग म्हणाली, “अच्छा, डायरी वाले अंकल.” मी तिला विचारलं की त्या दिवशी बारा चाळीस सांगितलं असतं तर?

तिनं मला बसायला सांगितलं. “किसी-किसी को उससे फायदा होता है. किसी को नहीं होता. उनको होता या नहीं, ये कोई नहीं बता सकता.”

“पर दिया तो जाता?”

“शायद.” मग म्हणाली, “अंकल, आप जो जानते थे वही बोले.”

मी वही आणि प्रत पिशवीत घालून घरी आलो. जे माहीत नव्हतं तेच मी बोललो होतो. आठवडाभर खाली जेवायला गेलो नाही. भाची वर ताट ठेवून जायची, उष्टं ताट घेऊन जायची. तिला सांगितलं नाही तर ती मला मामा म्हणत राहील, या विचारानं मी सकाळ काढायचो. सांगितलं तर तिचं माणूस म्हणावं असं या घरात कोणी उरणार नाही, या विचारानं दुपार. स्वतःसाठी सांगायचं की तिच्यासाठी, ते मला आजही ठरवता येत नाही.

रविवारी तिला वर बोलावलं. वही उघडून दिली, शेजारी ताईची प्रत ठेवली, तिसऱ्या चौकटीचं पान. ती उभ्यानंच वाचायला लागली.

“मामा, ये क्यों दिखा रहे हो?”

“तुले माहीत पाहिजे म्हणून.”

तिनं वहीचं पान वाचलं. मग प्रत वाचली. मग पुन्हा वही. मी तिला इंजेक्शनचं, साडेचार तासांचं, पाच दहाचं सगळं सांगितलं.

“आपको मम्मी ने देखा,” ती शेवटी म्हणाली, “और आप कुछ नहीं बोले.”

“चाचणीत बोलायचं नसते.”

“किसका रूल था?”

“माझा.”

तिनं वही आणि प्रत दोन्ही उचलल्या आणि खाली गेली. मी अडवलं नाही. आठ दिवस ताट वर आलं नाही. मी बाहेर कुठेतरी खायचो किंवा खायचो नाही. तिच्या खोलीत पंखा चालू असल्याचा आवाज यायचा, एवढंच.

नवव्या दिवशी कार्यालयातून आलो तेव्हा वही माझ्या स्टुलावर ठेवलेली होती. प्रत तिनं ठेवून घेतली होती. मी पान उघडलं. बारा चाळीसच्या ओळीखाली पेन्सिलीनं, शाळेत फळ्यावर लिहिते तशा मोकळ्या अक्षरात, लिहिलेलं होतं:

‘१२.४०. मैं हँस रही थी. मम्मी ने मुझे सुबह बता दिया था कि अटकना जल्दी शुरू करेगी. मुझे लगा यह भी वही है.’

मी खाली गेलो. ती कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं आणि मीही पाहिलं, खाली पाहिलं नाही. तिनं परातीतून एक हात काढून दुसरं ताट घ्यायची खूण केली, आणि मी ते घेतलं.

त्याला आता वर्ष होत आलं. पुस्तक छापलं नाही. नावाड्याची वाक्यं मी तिसऱ्या चौकटीपासून तोडून लिहिली, ताईनं म्हटलं तशी, आणि कागद नळीत ठेवून दिले. नकाशा खालच्या भिंतीवर आहे. भैया येतात, चहा घेतात, फाशाचा विषय काढत नाहीत. वही वर माझ्याकडे आहे, ताईची प्रत खाली भाचीकडे आहे. घरात आम्ही दोघं आहोत. भांडी मी घासतो.